रोजच्या रस्त्याला किती मोठी एसयूव्ही हवी?

घरातील जुनी हॅचबॅक बदलायचे ठरल्यापासून आमच्याकडे सरळ दोन तट पडले आहेत. नेक्सॉनसारखी चार मीटरच्या आतली गाडी घ्यावी की सफारीच्या आकाराची मोठी, हा वाद केवळ पैशांचा असता तर लवकर मिटला असता. परंतु लहान गाडीचे सर्वांत वरचे मॉडेल आणि मोठ्या गाडीचे सर्वांत खालचे मॉडेल यांच्या किमती हल्ली एकमेकींना येऊन भिडतात, आणि मग तेवढ्याच पैशांत मोठी गाडी का नको, हा प्रश्न बिनतोड वाटू लागतो. माझे मत लहान गाडीच्या बाजूने झाले आहे आणि ते पुण्यातला कोथरूड ते हिंजवडी हा रोजचा रस्ता समोर ठेवून झाले आहे.

लहान एसयूव्हीची चार मीटरची मर्यादा वाहतुकीच्या सोयीसाठी आखलेली नाही, ती कराने आखलेली आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरील उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणले गेले आणि त्यासाठी लांबी 4000 मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत व डिझेल इंजिन 1500 सीसीपर्यंत अशा अटी घातल्या गेल्या. या अटी पुढे जीएसटीतही टिकल्या आणि 22 सप्टेंबर 2025 पासून त्यांत बसणाऱ्या गाडीवर 18 टक्के, तर न बसणाऱ्या गाडीवर 40 टक्के कर लागतो. नेक्सॉनची लांबी 3995 मिलिमीटर का, याचे उत्तर येथे मिळते. मात्र केवळ लांबी पाहून करसवलत गृहीत धरू नये, कारण ब्रेझाही 3995 मिलिमीटरचीच असली तरी तिचे पेट्रोल इंजिन 1462 सीसीचे असल्यामुळे ती 40 टक्क्यांत जाते.

कराने लांबी आवळली, रुंदीला मात्र मोकळीक राहिली, आणि रोजच्या वापरात गाडी अडते ती बहुधा रुंदीमुळे. आमच्या सोसायटीत प्रत्येकाला दोन खांबांमधली 2.3 मीटर रुंद व 4.5 मीटर लांब जागा मिळालेली आहे. नेक्सॉन 1804 मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे दोन्ही बाजू मिळून जेमतेम अर्धा मीटर उरतो. गाडी एका खांबाला चिकटवून लावली तरच चालकाला अंग चोरून का होईना, बाहेर पडता येते. सफारी 1922 मिलिमीटर रुंद आणि 4668 मिलिमीटर लांब आहे, त्यामुळे तिच्या बाजूंना मिळून पावणेचारशे मिलिमीटर उरतात आणि नाक किंवा शेपूट वाहनांच्या वाटेत येते. ही रुंदी आरसे सोडून मोजलेली असते, हेही लक्षात ठेवावे. गंमत म्हणजे रस्त्यावर सर्वांत दांडगी वाटणारी फॉर्च्युनर 1855 मिलिमीटर रुंद, म्हणजे सफारीपेक्षा अरुंद आहे. विक्रेते ज्याला कौतुकाने ‘रोड प्रेझेन्स’, म्हणजे रस्त्यावरचा रुबाब, म्हणतात तो बराचसा बॉनेटच्या उंचीचा परिणाम असतो.

वळण्याचेही तसेच. नेक्सॉनची वळण-त्रिज्या 5.1 मीटर, तर फॉर्च्युनरची 5.8 मीटर आहे. म्हणजे पूर्ण यू-टर्नला या फरकाच्या दुप्पट, 1.4 मीटर जास्त रस्ता लागतो. मेट्रोच्या खांबांनी आधीच निम्मा केलेल्या रस्त्यावर एका दमात वळणे आणि मागच्यांचे हॉर्न ऐकत रिव्हर्स घेणे यांतील फरक तेवढाच असतो. सदाशिव पेठेत सम-विषम तारखांच्या पार्किंगमध्ये दुचाकींच्या रांगेनंतर उरलेल्या जागेबद्दल तर मी काही बोलतच नाही.

यापेक्षा महत्त्वाचा आणि शोरूममध्ये क्वचितच निघणारा मुद्दा इंजिनाचा आहे. मोठ्या एसयूव्हींमध्ये अजूनही डिझेलचे प्राबल्य आहे आणि 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांमुळे डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात डीपीएफ नावाची गाळणी असते. ती काजळी अडवते आणि साठलेली काजळी धुराचे तापमान सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की जाळून टाकते. हे तापमान महामार्गावर काही वेळ स्थिर वेगाने चालल्यावर सहज गाठले जाते. वाकडच्या सेवा रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडताना ते गाठले जात नाही. काजळी जाळण्याची प्रक्रिया मध्येच तुटत राहिली की डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते आणि अखेर सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. ज्याचा रोजचा प्रवास छोटा आणि तुंबलेला आहे त्याने डिझेल घेणे म्हणजे दर आठवड्याला गाडीला मुद्दाम महामार्गावर फिरवून आणण्याचे काम मागे लावून घेणे होय. मोठ्या गाडीत पेट्रोल इंजिन निवडता येते, पण दोन टनांच्या घरातले वजन प्रत्येक सिग्नलला थांबवायचे आणि पुन्हा हलवायचे, याची किंमत पंपावर दिसते. आमच्याच वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचे मायलेजचे आकडे प्रयोगशाळेत रोलरवर मोजलेले असतात. हिंजवडीच्या संध्याकाळशी त्यांचा संबंध बेताचाच.

मोठ्या गाडीच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे नाही. लांब व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) आणि जास्त वजन यांमुळे सफारीसारखी मोनोकॉक, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकसंध असलेली गाडी खड्ड्यांवरून शांतपणे जाते. शिडीसारख्या चौकटीवर बांधलेल्या स्कॉर्पिओ-एन किंवा फॉर्च्युनरमध्ये हळू वेगात जरा जास्त हिसके बसतात. सुरक्षिततेची तुलना मात्र जपून करावी. नेक्सॉनला 2018 मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले आणि सफारीलाही 2023 मध्ये पाच मिळाले; परंतु समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात, तेव्हा ती मुख्यतः स्वतःच्याच वजनाशी झुंजत असते. दोन असमान वजनांच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या तर जड गाडीतल्यांचे पारडे जड राहते, हे लहान गाडीच्या समर्थकाने मान्य केलेच पाहिजे.

घरात मोठ्या गाडीचा सर्वांत मोठा युक्तिवाद तिसऱ्या रांगेचा होता. गणपतीत ताम्हिणी घाटाने कोकणात उतरताना सगळे एकाच गाडीत बसतील, हे खरे. पण सातही जण बसले की सामानाला जागा जवळजवळ राहत नाही आणि मग टपावर कॅरिअर बांधावा लागतो. आईच्या गुडघ्यांना तर पायरी चढून आत जाण्यापेक्षा कमरेच्या उंचीवरची सीट सोपी जाते, आणि ती लहान एसयूव्हीतच मिळते. वर्षातल्या त्या मोजक्या प्रवासांसाठी चालकासह मोठी गाडी भाड्याने घेणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

साताऱ्याहून रोज कोल्हापूरच्या बाजूला जाणाऱ्या माझ्या मेहुण्याला मात्र मी उलट सल्ला दिला आहे. त्याचा सगळा प्रवास महामार्गाचा, घरासमोर अंगण मोठे आणि डीपीएफची काळजी करायचे कारणच नाही; त्याने खुशाल मोठी डिझेल गाडी घ्यावी. घरात माणसे चार असल्यामुळे त्याला तिसरी रांग लागत नाही, तेव्हा सफारीऐवजी तेच दोन लिटरचे डिझेल इंजिन आणि तोच 2741 मिलिमीटरचा व्हीलबेस असलेली हॅरिअर त्याला पुरेशी आहे.