कोल्हापुरातला वाडा: पैसे माडीचे, काम सोप्यातलं

‘माडीवरची खोली, हाताने कोरलेलं मूळ सागवानी काम’ असं सांगून वाड्याच्या मालकांनी मुक्कामाचे जादा पैसे घेतले. पलंगामागची महिरप प्लायची निघाली. मशीनवर कापलेली, वर पॉलिश. नखाने खरवडून खात्री केली. शिवाजी पेठेतल्या त्या वाड्याचं नाव लिहीत नाही, पण माडीची खोली कुठेही घेण्याआधी फोटो नव्हे, व्हिडिओ मागा.

खरं काम खालच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत आहे आणि ते बघायला दमडी लागत नाही. दगडी तळखड्यावर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर) उभे सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, वर कोरलेली केळफुलं. एकाची पाकळी जाड, शेजारच्याची किंचित वळलेली. सकाळच्या तिरक्या उन्हात पटाशीचे घाव स्पष्ट दिसतात. सांधे कूस-साळीचे, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले, वर लाकडी खुंटी. फुलं तंतोतंत सारखी आणि मध्ये स्क्रू दिसला, की समजा गंडवलंय.

आता जिना. तो भिंतीच्या पोटातून जातो. पायऱ्या हातभर उंच, पाऊल अर्धंच मावतं, धरायला लोंबता दोर, वर कपाळ फोडायला झडप टपलेली. सॅक पाठीवर घेऊन चढता येत नाही, पोटाशी धरून आडवं सरकावं लागतं. राजगडाच्या चोर दरवाजाला निदान रेलिंग आहे! आणि संडास खाली, परसात. रात्री हेडटॉर्च लावून उतरलो. पोटऱ्या अजून बोलतायत. गुडघे कुरकुरत असतील किंवा आई-वडील सोबत असतील, तर तळमजलाच मागा. मिळत नसेल तर सरळ दुसरीकडे जा.

‘गाडी दारात येते’ हेही खोटं. बोळातून दुचाकी कशीबशी जाते. गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगला लावा आणि चालत या. स्टेशनवरून रिक्षावाल्याने दोनशे सांगितले, एवढ्याशा अंतराला. मीटर टाकणारा शोधा, पुढच्याच वळणावर मिळाला. मंगळवार-शुक्रवारी अंबाबाईच्या गर्दीत महाद्वार रोडकडून सामान घेऊन घुसू नका.

दुसऱ्या दिवशी न्यू पॅलेस पाहिला, ब्रिटिश वास्तुकार मेजर मँटने आखलेला, १८८४ चा. छान आहे, आत फोटो काढू देत नाहीत.

वाड्यात परत राहीन का? माडीवर, फुकट दिली तरी नाही. सोप्यात सतरंजी टाकू देत असतील तर आजच निघतो. मालकांना विचारलंय, हसले नुसते. तुम्ही विचाराल तेव्हा नाश्ता धरून भाडं आधीच ठरवा. आम्हाला पोह्यांचे वेगळे लावले.