संदर्भसूची आदल्या रात्रीसाठी ठेवू नका

कुणाचाही संशोधनाचा पेपर वाचायला आला की मी आधी संदर्भसूची उघडते, निष्कर्ष नंतर. माझा विषय वनस्पतिवर्गीकरण. साताऱ्या-कोल्हापूरकडचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची खडकाळ पठारं, आणि घाट. या विषयात दीडशे वर्षांपूर्वीचं पानही आज पुरावा म्हणून चालतं. ते पान कुठे आहे हे चुकीचं लिहिलं, तर पुढचा माणूस भलताच खंड चाळत बसतो. आमच्याकडची मुलं संदर्भांचं काम सबमिशनच्या आदल्या रात्री काढतात आणि मी चिडते, हे विभागात सगळ्यांना माहीत आहे. का चिडते, ते एकदा सविस्तर लिहून ठेवते.

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ घ्या. तो आमच्या प्रत्येक पेपरात असतोच. मूळ ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघाला, त्याचे दोन खंड झाले. १९५८ मध्ये बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियानं तो पुन्हा छापला, तेव्हा तीन खंड केले. मुलांच्या हाती पडतं ते पुनर्मुद्रण. मग सूचीत ‘कुक १९५८’ असं येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, ही वनस्पती स्वातंत्र्यानंतरही त्या डोंगरावर होती. एखादी जात कुठून नाहीशी झाली हे तपासणाऱ्या माणसाला हा पन्नास वर्षांचा फरक साधा वाटेल का? म्हणून मूळ वर्षं आणि पुनर्मुद्रणाचं वर्ष दोन्ही द्यायचं, आणि खंड-पान कोणत्या आवृत्तीतलं हेही सांगायचं.

वनस्पतीच्या नावामागची माणसंही अशीच जपावी लागतात. पळसाच्या शास्त्रीय नावापुढे कंसात ‘लॅम.’ आणि कंसाबाहेर ‘टॉब.’ असतं. लामार्कनं पळसाला आधी पांगाऱ्याच्या प्रजातीत घातलं होतं, टॉबर्टनं नंतर त्याला आजच्या प्रजातीत आणलं, ही सगळी हकिकत त्या एका कंसात आहे. कंस गाळला की लामार्कचं काम पुसलं जातं. ‘हूक. एफ.’ मधला ‘एफ.’ म्हणजे मुलगा: जोसेफ डाल्टन हूकर, विल्यम जॅक्सन हूकर यांचे चिरंजीव. तो एफ. टायपिंगची चूक समजून काढून टाकलेला मी पाहिला आहे. बाप-लेकांची अशी अदलाबदल तपासनीसाच्या नजरेतून सुटली, तर ती छापून कायमची होते.

स्वल्पविराम, तिरपी अक्षरं, वर्ष कंसात की शेवटी, हे ज्या त्या जर्नलच्या सूचनांत दिलेलं असतं, ते पाळायचं. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी १९७८ मध्ये व्हँकूव्हरला बसून मजकुरात संदर्भाचा नुसता क्रमांक देण्याची पद्धत ठरवली, आमच्याकडे लेखकाचं नाव आणि वर्ष चालतं. एका पद्धतीतून दुसरीत जायला संगणक आहे. पण संदर्भ खरा आहे की नाही, हे संगणक सांगत नाही.

सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ मध्ये एक सुरेख हिशोब मांडला. भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या पेपरचे ४,३०० उल्लेख त्यांनी तपासले. त्यांतल्या १९६ उल्लेखांत छपाईच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पानाचा एकच चुकीचा आकडा ७८ वेळा आला होता. ७८ जणांचं बोट नेमकं त्याच कळीवर घसरेल, हे शक्य नाही. ते आकडे दुसऱ्याच्या सूचीतून उतरवून घेतलेले होते. त्यावरून त्यांनी अंदाज काढला की मूळ पेपर वाचून त्याचा उल्लेख करणारे साधारण पाचात एक.

याहून वाईट म्हणजे नसलेल्या पेपरचा उल्लेख. एका मोठ्या प्रकाशकानं लेखकांना नमुना म्हणून दिलेला एक काल्पनिक संदर्भ पुढे शेकडो पेपरांच्या सूचीत सापडला. बऱ्याच ठिकाणी नमुन्याची फाईल भरताना तो पुसायचाच राहून गेला होता. आता तर एआयला विचारलं की लेखक खरे, जर्नल खरं आणि पेपर मात्र कुणी लिहिलेलाच नाही, असे संदर्भ सहज मिळतात. त्यामुळे माझा नियम कडक आहे: ज्याची पीडीएफ किंवा पानाचा फोटो फोल्डरमध्ये नाही, तो संदर्भ सूचीत नाही. डीओआय, म्हणजे पेपरचा इंटरनेटवरचा कायमचा क्रमांक, असेल तर त्यावर टिचकी मारून तोच पेपर उघडतो का ते बघायचं.

मुलांना मी झोटेरो हे संदर्भ साठवून सूची तयार करणारं सॉफ्टवेअर वापरायला लावते, फुकट आहे. पण त्यात भरलेली माहिती स्वतः तपासावी लागते. संस्थेचं नाव लेखकाच्या दोन रकान्यांत गेलं की बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं आडनाव ‘इंडिया’ होतं आणि पुढे ‘बी. एस.’ अशी आद्याक्षरं लागतात. संस्थेसाठी एकच रकाना निवडायचा. शीर्षकातली लॅटिन नावं आपोआप तिरपी होत नाहीत, ती खूण हातानं करावी लागते. आणि माणसांची नावं! आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपली रीत. तमिळ नावात बहुधा आडनावच नसतं. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधक बाईचं काम दोन वेगळ्या बायकांच्या नावावर जमा होतं. पहिला पेपर पाठवण्याआधीच ऑर्किडचा (फूल नव्हे, ORCID) सोळा अंकी क्रमांक, म्हणजे नाव बदललं तरी न बदलणारी संशोधकाची ओळख, काढून घ्या, हे मी मुलींना आवर्जून सांगते.

जुन्या मराठी पुस्तकांचे संदर्भ इंग्रजी पेपरात नको म्हणणारे लोक भेटतात. मला ते मुळीच मान्य नाही. औषधी वनस्पतींची कितीतरी माहिती मराठीतच छापली गेली आहे. शीर्षक रोमन लिपीत द्यावं, पुढे चौकटी कंसात अर्थ आणि ‘मराठीत’ अशी नोंद. साल शके असेल तर ७८ मिळवायचे. पौष-माघाच्या सुमाराचं प्रकाशन असेल तर इंग्रजी वर्ष उलटलेलं असू शकतं, तेव्हा ७९. मूळ शके सालही शेजारी राहू द्यावं.

ज्यांनी काहीच छापलेलं नाही, अशा माणसांचा प्रश्न मात्र संदर्भसूचीत सुटत नाही. पाटणच्या बाजूला एखादे वैदूबाबा किंवा धनगरवाड्यावरच्या आजी मुळीचा उपयोग सांगतात. बहुतेक जर्नलं हे सूचीत घेत नाहीत. मजकुरात ‘वैयक्तिक संवाद’ म्हणून नाव, गाव आणि तारीख द्यायची असते. ‘स्थानिक लोकांच्या मते’ एवढ्यावर भागवलेला पेपर मी परत पाठवते. आधी त्यांची परवानगी घ्या. नाव द्यायला हरकत नसेल, तर ते कसं लिहायचं तेही त्यांनाच विचारा, कारण रेशनकार्डावर एक असतं आणि वाडीत हाक मारतात ते दुसरंच. पेपर छापून आला की एक प्रत त्यांच्या घरी नेऊन द्यायची, आणि त्यांचं नाव आलेल्या ओळी मराठीत वाचून दाखवायच्या.