पाचांतले दोन

महिन्याभरात दुसऱ्यांदा दुधाचं पातेलं करपलं, तशी लेक मला धरूनच डॉक्टरांकडे घेऊन गेली. बँकेत 34 वर्षं कॅश मोजलेली बाई मी, वय 68. तिथे काय, तर कागदावर घड्याळाचं चित्र काढा, शंभरातून सात-सात वजा करा. वजाबाकी फाडफाड केली. पण आधी सांगितलेले पाच शब्द थोड्या वेळाने विचारले, तर दोनच आठवले. 30 पैकी 24. निदान 26 तरी हवेत म्हणे. माझ्या पोटात गोळाच आला.

"एवढ्यावरून डिमेन्शिया ठरत नाही," डॉक्टर म्हणाले आणि रक्ताच्या, कानाच्या तपासण्या लिहून दिल्या. बी-12 बरंच कमी निघालं आणि उजवा कान जवळजवळ संपावर! जे धड ऐकूच आलं नाही, ते आठवणार कुठून? इंजेक्शनं सुरू झाली. कानाच्या मशीनला मात्र मी दोन महिने टाळाटाळ केली (चष्मा मिरवतो, मशीन लपवतो, आपलं असंच).

"मी रोज सुडोकू सोडवते," मी ऐटीत सांगितलं. तर म्हणाले, "ते येतंच तुम्हाला. न येणारं काहीतरी शिका."

म्हणून मोडी लिपीच्या वर्गाला नाव घातलं. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायचं, होता होईतो हात न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दाशब्दांत जागा नाही. पहिला महिना रोज रडकुंडीला आले. शेजारच्या बाकावर कॉलेजचा मुलगा, "आजी, हा 'क' नाहीये" म्हणायचा. राग यायचा, पण मशीन लावल्यावर तो काय पुटपुटतो तेही कळायला लागलं.

शिवाय चालणं. आठवड्याला 150 मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. पर्वती चढायचा बेत गुडघ्यांनी हाणून पाडला, सारसबागेवर भागवलं.

सहा महिन्यांनी परत तीच परीक्षा दिली. 27. बी-12, मशीन, चालणं की मोडी, श्रेय कुणाचं ते डॉक्टरांनाही सांगता येईना. एकदा परीक्षा दिलेली असली की थोडा सरावही होतो, असं तेच म्हणाले.

परवा सासऱ्यांच्या ट्रंकेतलं मोडी खरेदीखत काढलं. दोन ओळी लागल्या. तिसरीतलं गावाचं नाव काही लागेना. फोटो काढून त्या मुलाला पाठवलाय.