गाणारं कुणीच नाही, मग ऐकता काय?

माझ्या आवडत्या बिनशब्दांच्या अल्बमबद्दल हे तुम्ही सगळ्यांनी आळीपाळीने विचारून झालंय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

'माय फेअर लेडी' हे इंग्रजी संगीत नाटक मार्च १९५६ मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर आलं. ऑगस्टमध्ये ड्रम्सवाला शेली मॅन, पियानोवर आंद्रे प्रेव्हिन आणि बासवर लेरॉय व्हिनेगर यांनी त्यातल्या गाण्यांचा आख्खा जॅझ अल्बम लॉस एंजेलिसला नुसत्या वाद्यांवर वाजवला. तुफान खपला. धंदा होता का? होताच. आपल्या नाट्यपदांच्या तबकड्या काय धर्मादाय निघत होत्या?

पण खरं दुखणं मामांचं. ते संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. माझी बोटं त्यांनीच पेटीवर बसवली. एकदा घरच्या बैठकीत मी 'ॲस्कॉट गॅव्होट' लावलं. नाटकात ते रेसला जमलेले उमराव भुवईही न हलवता गातात. इथे तिघं ते उधळून लावतात. मामांचा अंगठा गुडघ्यावर ठेका धरत होता, मी पाहिलं. तरी म्हणाले, "थांबव. अरे, नाटक कशावर आहे? बोलण्यावर! ती पोरगी बोलते कशी, मास्तर तिला शिकवतो कसं. ह्यांनी बोलणंच काढलं. उरलं काय?"

चारचौघांत. मी तडकलो. "मामा, 'स्वयंवर'चं पद तुम्ही नुसतं ऑर्गनवर आळवता, तेव्हा रुक्मिणी कुठे असते? बखलेबुवांनी चाली बंदिशींवरूनच घेतल्या ना?"

"माझ्या बोटांत शब्द असतो," म्हणाले, आणि चपला घालून गेले. पुढे माझ्याशी सगळं बोलायचे, गाण्याचं सोडून.

खरं उत्तर मला नंतर सुचलं. शेवटचं हळवं गाणं मास्तर झालेला रेक्स हॅरिसन रंगमंचावर धड गातच नाही, लयीत बोलतो. ती चाल पूर्ण सुरात गातो तो प्रेव्हिनचा पियानो. म्हणजे नाटकाचं काही गेलं नाही, उलट राहून गेलेलं मिळालं. झालं की नाही सिद्ध?

नाही झालं. मला ते शब्द पाठ आहेत, ते आत चालूच असतात. भाचीने ना हे नाटक पाहिलंय, ना त्याच गोष्टीवरचं आपलं 'ती फुलराणी'. ऐकून म्हणाली, "हे उदास आहे, की नुसतं हळू?" मी लगेच तिला गोष्ट सांगायला बसलो, म्हणजे मामांचीच वकिली केली. पुढच्या खेपेला गोष्ट न सांगता लावणार आहे. तेव्हा कृपा करून मध्ये बोलू नका.