आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा

४ जानेवारी २०२२, मंगळवार. तारीख पक्की लक्षात राहायचं कारण म्हणजे दुसऱ्याच दिवशी कोरोनामुळे राज्यातली कॉलेजं १५ फेब्रुवारीपर्यंत बंद ठेवायची घोषणा झाली. एक दिवस आधी झाली असती तर मी वरच्यांना चार शिव्या घालून घरी बसलो असतो आणि हे लिहायची वेळ आली नसती.

मी उसाच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे. हे झालं दारावरच्या पाटीचं. हाक मारताना सगळे ‘जिमखान्याचे सर’ म्हणतात. लोकांना वाटतं, यांचं काय, शिट्टी वाजवायची आणि चेंडू वाटायचे. खरं तर निम्मं वर्ष पात्रता अर्जावर प्राचार्यांची सही, बारावीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स आणि प्रवासभत्त्याची बिलं यात जातं. उरलेल्या निम्म्यात मुलींच्या घरी जाऊन, ओसरीवर बसून, चहा घेत वडिलांना समजवायचं की मुक्कामाच्या स्पर्धेला सोबत मॅडम असतात, वेगळी खोली असते आणि शनिवारी पोरगी घरी असेल.

त्या दिवशी आमच्या मैदानावर मुलींच्या विभागीय कबड्डीचे उपांत्य आणि अंतिम सामने होते.

साथीच्या काळात घ्यायला सगळ्या खेळांत हाच खेळ सापडला! बॅडमिंटनवाल्यांचं बरं, मधे जाळी तरी असते. कबड्डीत मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटरचं. त्यातल्या निम्म्यात सात जणी बचावाला उभ्या. आठवी मध्यरेषा ओलांडून आत येते ती ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत, आणि तेही मनात नाही, पंचाला ऐकू जाईल असं. तीस सेकंदांची चढाई. दम तुटला की बाद. म्हणजे समोरच्याच्या तोंडावर श्वास टाकत राहणं हा या खेळाचा नियमच आहे. कोपऱ्यातल्या दोघी हातात हात घालून साखळी करतात, पकड झाली की पाच जणी अंगावर पडतात. आणि आम्हाला आलेल्या सूचनांत एक ओळ होती, ‘दोन खेळाडूंमध्ये सहा फूट अंतर राखण्याची दक्षता घ्यावी.’ कुणीतरी बुद्धिबळाचं परिपत्रक काढून वरचं नाव बदललं असणार. त्याच कागदाच्या शेवटी होतं, ‘उद्भवणाऱ्या परिस्थितीनुसार आपल्या स्तरावर योग्य तो निर्णय घ्यावा.’ इतकी वर्षं नोकरी केल्यावर या वाक्याचा अर्थ मला कळतो. निस्तरायचं तुम्ही, हा.

मॅटचं सांगतो, कारण मॅट हा माझा जीव आहे. आमच्यासारख्या कॉलेजाकडे मॅट असणं म्हणजे काय, ते मातीत गुडघे सोलून घेतलेल्यांनाच कळेल. दातेरी कडांचे चौकोन एकमेकांत ठोकून बसवायचे, एक जरी कड वर राहिली तरी घोटा गेलाच समजा. मी आणि शिपाईमामा पहाटे साडेपाचला टॉर्च लावून ते बसवतो, आणि मामा प्रत्येक जोडावरून अनवाणी चालून बघतात. बूट घालून कड कळत नाही म्हणतात, आणि ते बरोबर आहे. सूचनांप्रमाणे त्या मॅटवर सोडियम हायपोक्लोराइट मारायचं होतं. मारलं. मॅट झाला शेवाळलेल्या पायरीसारखा. मग मामांनी, मी आणि आमच्या दोन राखीव मुलींनी तासभर जुन्या चादरींनी तो कोरडा केला, चौघंही गुडघ्यावर, चौघंही एकमेकांपासून हातभर अंतरावर.

पंचांची वेगळीच तऱ्हा. मास्क सक्तीचा, आणि शिट्टी तोंडात. पहिल्या सामन्यात एका पंचांनी शिट्टी मास्कच्या आत धरून बघितली, आवाज आला तो कुणी उशीत तोंड खुपसून ओरडल्यासारखा. दुसऱ्या मिनिटाला मास्क हनुवटीवर. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

मग घेतल्या कशाला स्पर्धा? २०२०-२१ हे अख्खं वर्ष आमच्याकडे एकही सामना झाला नव्हता. त्या वर्षात माझ्या संघातल्या तीन मुलींची लग्नं झाली. अंगणात, पन्नास माणसांत, स्वस्तात. बापाचा हिशेब सरळ होता, कॉलेज बंद, खेळ बंद, पोरगी घरी. आमच्या मुलींची वाट म्हणजे शिडी आहे. विभागीय, मग आंतरविभागीय, मग विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ. नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणापर्यंत पोचायचं तर ही शिडी चढून पलीकडे जावं लागतं, आणि कॉलेजची वर्षं मोजून तीन. मधली एक पायरी काढली की खालची मुलगी खालीच राहते. २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं उघडली ती दोन डोस घेतलेल्यांसाठी. कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर, म्हणून निम्म्या मुली नोव्हेंबरपर्यंत फाटकाबाहेरच. पहिल्या वर्षाच्या दोघी अजून अठराच्या आत. त्यांचं लसीकरण सुरू झालं ३ जानेवारीला, म्हणजे सामन्याच्या आदल्या दिवशी. दोघींनी रांग लावून पहिल्याच दिवशी टोचून घेतलं, आणि मंगळवारी सकाळी एकीचा दंड असा ठणकत होता की तिला साखळीत उभं करता येईना.

शिवाय टीव्हीवर प्रो कबड्डी चालू होती. २२ डिसेंबरपासून, बंगळुरूत, सगळे संघ एकाच ठिकाणी, प्रेक्षक नाहीत. मुली विचारायच्या, ‘सर, त्यांचं चालतं, मग आपलं का नाही?’ काय सांगणार? त्याआधी रात्री जागून मी अमेरिकेतलंही वाचलं होतं. तिथल्या बिग टेन नावाच्या विद्यापीठांच्या गटानं ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकन फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला आणि १६ सप्टेंबरला निर्णय फिरवला. खेळायचं ठरलं ते अटींवर. रोज अँटिजेन टेस्ट, पॉझिटिव्ह आला तर २१ दिवस सामना नाही, आणि परत उतरण्याआधी हृदयाची तपासणी, एमआरआयसकट. आमच्याकडे हृदयाची तपासणी म्हणजे मी विचारतो, ‘दम लागतोय का गं?’ आणि ती म्हणते, ‘नाही सर.’

तरी मी खिशातून दहा किट आणले होते. जिमखाना फीतून मागितले तर लेखाशीर्ष कुठलं, असा शेरा आला.

आता त्या सकाळचं. उपांत्य सामन्यातला आमचा प्रतिस्पर्धी संघ अडीच तासांवरून क्रूझरनं आला. नऊ मुली, एक मॅडम, एक ड्रायव्हर, काचा बंद, कारण थंडी. उतरताना त्यांची सात नंबर खोकली. सात नंबर म्हणजे त्यांचं सगळं. डावीकडून घुसते, बोनस रेषेवर, म्हणजे जादा गुणाच्या रेषेवर, पाय टाकल्यासारखा करते आणि उलट्या हातानं कोपऱ्यातलीला बाद करते. दोन वर्षांपूर्वी मी तिला बघितलं होतं तेव्हाच तिच्या कॉलेजचा हेवा वाटला होता. ती आता शेवटच्या वर्षाला होती.

मी मॅडमना म्हटलं, ‘टेस्ट करू या.’ मॅडम तासिका तत्त्वावरच्या, वय जेमतेम अठ्ठावीस. त्या म्हणाल्या, ‘सर, प्रवासाची सर्दी आहे नुसती.’ पण नाही म्हणाल्या नाहीत. मुलीनं स्वतःच दोन्ही नाकपुड्यांत काडी फिरवली, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. काडी नळीत पिळली, दोन थेंब टाकले, किट जिमखान्याच्या खिडकीत ठेवलं. पंधरा मिनिटं थांबायचं. उशिरा उमटलेली रेघ धरायची नाही, असं सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं.

तेवढ्यात मामांनी हाक मारली. ओल्यामुळे मॅटची एक कड सुटली होती. ती बसवली, गुणलेखकाला टेबल दिलं, कुणाच्या तरी ओळखपत्रावर शिक्का नव्हता म्हणून वाद चालला होता तो मिटवला. परत खिडकीशी आलो तेव्हा ‘सी’समोर ठळक रेघ होती आणि ‘टी’समोर एक फिकट, गुलाबीसर, धुतलेल्या कपड्यावर डाग राहावा तशी. घड्याळ मी बघितलं नाही.

मॅडमनी किट उजेडात धरलं. ‘मला तर काही दिसत नाही.’ मी म्हटलं, ‘पुसट असली तरी पॉझिटिव्हच धरतात.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘सर, तुम्हाला फायनल पाहिजे असेल तर सरळ सांगा.’

हे वाक्य त्यांनी नंतर मागे घेतलं. घ्यायला नको होतं.

मी क्रीडा विभागाला फोन लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही, दुसऱ्यांदा साहेब बैठकीत, तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, ‘परिपत्रक वाचलं ना? तुमच्या स्तरावर घ्या निर्णय.’ नियम लावायचा तर नऊच्या नऊ जणी बाद, अडीच तास बंद गाडीत एकत्र बसून आल्या होत्या. म्हणजे आम्हाला पुढे चाल. नियम लावायचा नाही तर सात नंबर खेळणार. मी मधला मार्ग काढला, ज्याला वैद्यकशास्त्रात कसलाही आधार नाही. सात नंबर बाहेर, बाकीच्या आठ जणी खेळतील. सगळ्यांना पटलं, कारण कुणाचंच पूर्ण नुकसान होत नव्हतं. विषाणूचं तर अजिबातच नाही.

सात नंबर क्रूझरमध्ये जाऊन बसली. काच खाली करून पूर्ण सामना तिनं तिथूनच बघितला, आणि मध्यंतरापर्यंत तिथूनच ओरडून बचावाला सूचना देत होती. मग आवाज बंद झाला. आम्ही २७-२४ नं जिंकलो. शेवटच्या मिनिटात त्यांची सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई होती, गुण घेतला नाही तर बाद. ती करायला त्यांनी पाठवलं ते एका कोपरारक्षक मुलीला, जिनं आयुष्यात कधी चढाई केली नसावी. आमच्या मुलींनी तिचा घोटा पकडला. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. दुपारचा अंतिम सामना आम्ही हरलो.

आता जे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही ते. आदल्या संध्याकाळी सरावाला आमच्या चार नंबरचा आवाज बसला होता. चार नंबर आमची मुख्य चढाईपटू. कबड्डीत आवाज बसणं नवीन नाही. दम घेऊन घेऊन घसा फाटतो, हंगामात निम्मा संघ घोगरा बोलतो. मी विचारलं तर म्हणाली, ‘काल बोरं खाल्ली सर, आंबट होती.’ मी म्हटलं, मिठाच्या गुळण्या कर. कपाटात तेव्हा दहा किट होते. सकाळी सात नंबरला लावून नऊ उरले. दिवसअखेर नऊच होते. त्या सकाळी चार नंबरची टेस्ट करायचं माझ्या मनात आलं नाही असं मी म्हणू शकतो, पण ते खरं नाही. मनात आलं होतं, मॅट पुसताना. मग मी म्हटलं, बोरंच असतील.

गुरुवारी चार नंबरला ताप आला. शुक्रवारी आणखी तिघींना. सगळ्या पोरी आठवड्यात उठून बसल्या. चार नंबरच्या आजीला मात्र ऑक्सिजन लागला. उपजिल्हा रुग्णालयात अकरा दिवस. वाचली म्हातारी, पण परवा गेलो होतो तर दोन भाकऱ्या थापून भिंतीला टेकून बसली होती आणि सून म्हणत होती, तेव्हापासून असंच आहे. त्या आठवड्यात अख्खं गाव तापानं पडलं होतं. बाजार भरत होता, कारखाना चालू होता, लग्नं लागत होती. आजीला कुठून झालं, हे कुणालाही सांगता येणार नाही. घरच्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. उलट आजीच्या सुनेनं चहात आलं जास्त घातलं, सरांचा घसा म्हणून.

मित्र विचारतात, साथीत कॉलेजचे खेळ चालू ठेवावेत का? मी अजूनही ‘ठेवावेत’च म्हणतो. त्या तीन लग्नांमुळे म्हणतो. फक्त टेस्ट करणारा माणूस यजमान संघाचा प्रशिक्षक नसावा, एवढं पुढे जोडतो, आणि ते हसतात, कारण त्यांना वाटतं मी नेहमीसारखा व्यवस्थेवर बोलतोय.

सात नंबरनं पुढे टेस्ट केली नाही. घरी कळलं तर परत खेळायला सोडणार नाहीत, असं मॅडमनी सांगितलं. जूनमध्ये तिचा मला फोन आला. क्रीडा गुणांसाठी सहभागाचं प्रमाणपत्र हवं होतं. गुणपत्रकावर बारापैकी नऊ नावं होती, त्यात तिचं होतं, प्रत्यक्ष मैदानात उतरल्याची खूण नव्हती. मी ‘सहभागी’ लिहून सही करून देतो म्हणालो. तिनं आभार मानले. मग जरा थांबून विचारलं, ‘सर, त्या दिवशी रेघ होती का हो खरंच?’

‘होती,’ मी म्हटलं. ‘पुसट होती, पण होती.’

‘बरं,’ ती म्हणाली. रेघ मी किती वाजता बघितली, ते तिनं विचारलं नाही.