बॅगेआधी वही भरा

"ट्रान्सप्लांटला ॲडमिट व्हायचंय, बॅगेत काय काय घेऊ?" मायलोमाचं, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरचं, निदान झालेल्या कुणाच्या तरी घरून मला दर महिन्या-दोन महिन्यांनी हा फोन येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बॅग लहानच ठेवा. पुढून बटणं असलेले सुती गाऊन चार-पाच घ्या. गळ्याजवळच्या सेंट्रल लाइनला, म्हणजे औषधं द्यायला शिरेत घातलेल्या नळीला, दिवसातून कितीदा तरी हात लागतो, आणि डोक्यावरून कपडा काढताना ती नळी ओढली जाईल या भीतीनं जीव अर्धा होतो. केस आधीच बारीक कापून घ्या. मी कापले नाहीत. मग अंगात ताप, तोंड आलेलं, आणि उशीवर केसांचे पुंजके. दातांच्या डॉक्टरांकडेही जाऊन या. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या की एखादा किडका दातसुद्धा महागात पडतो.

ट्रान्सप्लांट म्हटलं की घरचे ऑपरेशन समजतात. माझ्या सासूबाईंनी तर हायच खाल्ली होती. त्यांना आधी समजावून सांगा, की यात चिरफाड नसते. आपल्याच रक्तातून काढून गोठवलेल्या स्टेम सेल, म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, रक्ताच्या बाटलीसारख्या चढवतात. त्या टिकवायला घातलेल्या औषधाचा लसणीसारखा वास मात्र खोलीत दरवळतो. मुंबईत टाटा हॉस्पिटलात पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली झालं, हे ऐकल्यावर सासूबाईंना जरा धीर आला.

त्या पेशी चढवायच्या आधी मेल्फलान नावाची जोरदार केमो देतात. ती चढताना बर्फ चघळायला देतील. दात शिवशिवतात, जीभ बधिर होते, नको नको होतं. तरी चघळा. गारठ्यानं तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोचतं. मी शेवटी शेवटी कंटाळून तुकडे थुंकून टाकले. त्यानंच झालं असं म्हणवत नाही, पण पुढे आठवडाभर वरणाचं पाणीही घशाखाली उतरत नव्हतं.

आता मला खरं सांगायचंय ते. बॅगेच्या आधी माणसांची वही करा. पेशी परत दिल्या तरी त्या रुजायला साधारण दहा ते चौदा दिवस जातात, आणि प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, सावरायला कधी त्याहून जास्त. तोवर प्लेटलेट बाहेरून आणाव्या लागतात. एकाच दात्याकडून मशीनवर पिशवीभर काढतात, तिला एसडीपी (सिंगल डोनर प्लेटलेट) म्हणतात. दात्याला तास-दीड तास बसावं लागतं. वजन ५० किलोच्या वर हवं, हाताची शीर ठळक हवी, तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको. आणि काढलेली पिशवी पाचच दिवस टिकते. म्हणून एकाच दिवशी दहा जण गोळा करून उपयोग नाही. रोज एक-दोघं हाकेच्या अंतरावर हवीत.

माझ्या नणंदेनं शंभर पानी वहीत नावं उतरवली. रक्तगट, वजन, ड्युटीची वेळ, राहायला कुठे. सगळ्यांची तपासणी आधीच करून घेतली. तिघांच्या शिरा बारीक निघाल्या. बिचारे ओशाळून परत निघाले होते. तिनं त्यांना डब्याच्या पानावर घेतलं.

दहाव्या दिवशी माझ्या प्लेटलेट ९,०००पर्यंत घसरल्या आणि पहाटे नाकातून रक्त सुरू झालं, थांबेचना. तिनं वही उघडून फोन लावला. सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा घरी आलेला डोंबिवलीचा मुलगा साडेसातला ब्लड बँकेत हजर होता. संध्याकाळी ती पिवळसर पिशवी माझ्या स्टँडला लागली. काचेच्या पलीकडून नणंदेनं मला वहीतलं पान दाखवलं, त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केलेलं.

वही अजून आमच्याकडे आहे. अकरा जणांची पाळी आलीच नाही; सगळे बी पॉझिटिव्ह, आणि पुन्हा बोलवा असं स्वतःहून सांगून ठेवलेले. तुमच्या पेशंटचा गट तोच असेल तर आजच फोन करा.