अकरा चुकांची यादी

तिसऱ्या खंडाच्या हस्तलिखितातील नवव्या प्रकरणात नायिकेचा धाकटा भाऊ जळत्या धान्यकोठारात अडकतो आणि त्याच्यावर छत कोसळते. त्या पाच पानांत लेखिकेने आपले सारे कसब ओतले होते. धुराचा वास, तडकणारी तुळई, अर्ध्यावर तुटलेली हाक, सगळे जागच्या जागी होते. मी मात्र ती पाने एखादी पावती तपासावी तशी वाचली, कारण पुढच्या पानावर नायिका काळ मागे फिरवणार आणि कोठार पुन्हा उभे राहणार हे मला ठाऊक होते. झालेही तसेच. संपादकाच्या नोकरीत कंटाळवाणी हस्तलिखिते पुष्कळ वाचली आहेत, पण इतका चांगला लिहिलेला मृत्यू वाचताना मनात काहीच हलू नये, हा अनुभव नवा होता. लेखिका त्या दिवशी कार्यालयात आल्या तेव्हा मी बोलण्याची सुरुवात तिथूनच केली.

पहिल्या खंडात ही मुलगी काळ जेमतेम दहा श्वासांइतका मागे नेऊ शकत असे. त्यामुळे तिला हातातून पडलेला दिवा वाचवता येई, पण आदल्या दिवशी दिलेला चुकीचा शब्द परत घेता येत नसे, आणि त्या खंडाची सारी गंमत या फरकात होती. पुढे मात्र प्रत्येक शेवटाला आधीपेक्षा मोठे संकट आणि त्या संकटाला पुरेल एवढी मोठी शक्ती, अशी चढाओढ लागली. दुसऱ्या खंडाच्या मध्यावर ती एक प्रहर मागे जाऊ लागली, आणि अखेरीस नऊ दिवसांचा संपूर्ण वेढाच तिने घडला नव्हता असा करून टाकला. वाचकांनी तो शेवट डोक्यावर घेतला होता. मीही घेतला होता, हे कबूल केले पाहिजे. तेव्हाच थांबून विचार करणे हे माझे काम होते. आता दोन्ही खंड छापून वाचकांच्या घरी पोहोचले होते, आणि एकदा छापलेली शक्ती लेखकाला परत मागता येत नाही.

लेखिकांनी घरून दोन उपाय आणले होते. पहिला होता एका काळ्या दगडाचा, जो जवळ असला की नायिकेची शक्ती चालत नाही. मला सुपरमॅनची आठवण झाली. १९३८ साली तो पहिल्यांदा छापून आला तेव्हा त्याला उडता येत नव्हते. तो मैलाचा आठवा भाग लांब उडी मारी, एवढेच. सामर्थ्य पुढे वाढत गेले, आणि त्याला निष्प्रभ करणारे क्रिप्टोनाइट १९४३ साली आधी रेडिओच्या मालिकेत आणि १९४९ साली चित्रकथेत आले. दर आठवड्याला नवे साहस हवे असलेल्या मालिकेला असा दगड उपयोगी पडतो, याबद्दल माझी तक्रार नाही. पण कादंबरीत त्याचा परिणाम एवढाच होतो की खलनायकाने दगड मिळवायचा, नायिकेने तो दूर सारायचा, आणि तो दूर झाला की ती पुन्हा होती तेवढीच सर्वशक्तिमान. दगड असताना ती काही करू शकत नाही आणि नसताना तिला काही अवघड नाही; या दोन्ही अवस्थांत तिला निर्णय म्हणून घ्यावाच लागत नाही.

दुसरा उपाय मोजदादीचा होता : दिवसातून तीनदाच काळ फिरवता यावा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली आला तेव्हा त्यातील जादूगाराला मंत्र मोजूनच मिळत आणि वापरलेला मंत्र त्याच्या स्मरणातून जाई. खेळात हे फार चांगले चालते, कारण हिशेब खेळणाऱ्याच्या हातात असतो आणि आपण मंत्र वाया घालवला याची हळहळही त्यालाच वाटते. कादंबरीत तो हिशेब लेखकाच्या हातात जातो. चौथ्या वेळेची गरज बरोबर शेवटच्या प्रकरणातच पडली की वाचकाला लेखकाचा हात दिसतो.

“मग मर्यादा म्हणजे नेमके काय हवे आहे तुम्हाला?” लेखिकांनी जरा वैतागूनच विचारले.

मी कर्णाचे उदाहरण दिले. कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राने त्याला दिलेली शक्ती अमोघ होती, पण ती एकाच शत्रूवर चालणार होती, आणि कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती. रात्रीच्या युद्धात घटोत्कच कौरवसैन्याचा संहार करू लागला आणि सारे कर्णाकडे धावले, तेव्हा त्याला ती सोडावी लागली. घटोत्कच पडल्यावर पांडव शोकात असताना कृष्ण मात्र आनंदला, याचे कारण त्या एका अटीत आहे. मोजदाद इथेही आहे, पण आकडा एक आहे, तो आपल्याला आधीपासून ठाऊक आहे, आणि ती शक्ती वापरण्याचा अर्थ एक ठरलेली आशा सोडणे असा आहे. नायिकेच्या शक्तीलाही असे काही हवे होते, की ती चालावी पूर्ण, पण चालवताना तिचा हात थबकावा. हे सांगणे सोपे होते. आधीच्या दोन खंडांत तिने ती बेधडक वापरलेली असताना आता अचानक किंमत कुठून आणायची, याचे उत्तर माझ्याकडेही नव्हते.

दुपारी आमचे ज्येष्ठ मुद्रितशोधक आत आले. त्यांचे काम वेगळेच होते. पहिल्या दोन खंडांचे पुनर्मुद्रण व्हायचे होते आणि त्यासाठी त्यांनी विसंगतींची यादी केली होती. एकूण अकरा. भावाच्या डाव्या भुवईवरचा व्रण पुढे उजवीकडे जातो. आजीच्या अंगणातील विहीर पूर्वेला होती ती उत्तरेला सापडते. दोन गावांमधला तीन दिवसांचा रस्ता दोन दिवसांत संपतो. नदीवरच्या पुलाच्या कमानी सात आहेत की सहा, ते एकदा ठरवावे. त्यांनी हे कोणताही शेरा न मारता वाचून दाखवले, पण लेखिकांचा चेहरा उतरला आणि मी टेबलाकडे पाहत राहिलो, कारण त्या चुका माझ्या नजरेखालून गेलेल्या होत्या.

थोड्या वेळाने लेखिका म्हणाल्या, “काका, पानांचे क्रमांक सांगाल का?”

क्रमांक मिळाल्यावर त्या दोन्ही खंड उघडून बसल्या. अकरापैकी आठ विसंगतींमध्ये पहिला उल्लेख आणि दुसरा उल्लेख यांच्या मधे नायिकेने कुठे ना कुठे काळ मागे फिरवला होता. यात दैवी योगायोग वगैरे काही नव्हता. बाई इतक्यांदा काळ फिरवत होती की कोणतीही दोन पाने घेतली तरी त्यांच्या मधे तसा प्रसंग सापडण्याची शक्यता बरीच होती. पण कल्पनेला तेवढा आधार पुरतो. लेखिकांनी मांडलेला नियम असा होता : काळ उसवून पुन्हा शिवला जातो, आणि प्रत्येक वेळी एक टाका सरकतो. किती मागे जावे त्या प्रमाणात तो अधिक सरकतो. कोणता टाका सरकणार हे तिच्या हातात नाही, सरकलेले फक्त तिलाच दिसते, आणि तो नीट करायला पुन्हा मागे जावे तर दुसरा सरकतो.

मला सर्वांत आवडले ते हे, की यात तिचे सामर्थ्य कणभरही कमी झाले नव्हते. नऊ दिवसांचा वेढा तिने खरोखरच पुसला होता. फक्त ज्या भावासाठी तो पुसला, त्याचा व्रण आता दुसऱ्या भुवईवर होता, आणि हा आपलाच भाऊ आहे का, हा प्रश्न तिला कोणाला विचारण्याची सोय नव्हती. तो उद्या आणखी किती बदललेला चालेल, हे तिलाच ठरवावे लागणार होते.

पुढचे काम भराभर झाले. व्रणाचा शोध नायिकेला तिसऱ्या खंडाच्या पहिल्याच प्रकरणात, काहीही संकट नसताना, भावाचे केस विंचरताना लागावा असे ठरले. नियम अडचणीच्या क्षणी प्रथम कळला तर ती पळवाट वाटते. कोठाराचे प्रकरण लेखिकांनी माझ्या टेबलावरच पुन्हा लिहिले. छत कोसळण्याआधीपर्यंतचा मजकूर त्यांनी तसाच ठेवला. नव्या मसुद्यात भाऊ मरत नाही. तुळईखाली त्याचा पाय सापडतो आणि तो कायमचा अधू होणार हे दिसते. दहा श्वास मागे जाणे तिला सहज शक्य आहे. ती श्वास मोजू लागते, आणि दहाव्यानंतर अकरावा घेते. या वेळी वाचताना माझी पेन्सिल हातातच राहिली.

प्रश्न राहिला पुनर्मुद्रणाचा. आठ विसंगती आता पुस्तकात राहायलाच हव्या होत्या, आणि आमच्या मुद्रितशोधकांना ते मुळीच मान्य नव्हते. “माहीत असलेली चूक छापायची, असे मी आजवर केलेले नाही,” ते म्हणाले. मी समजावण्याचा प्रयत्न केला; त्यांनी माझ्याऐवजी कोठाराचे नवे प्रकरण मागून घेतले आणि उभ्यानेच वाचले. मग खुर्ची ओढून त्यांनी आपली यादी पुढे घेतली आणि खोडलेला मजकूर कायम ठेवण्याची जुनी खूण, म्हणजे अक्षरांखालची टिंबे, एकेका दुरुस्तीखाली द्यायला सुरुवात केली. आठ झाल्यावर ते थांबले. पुलाच्या कमानी त्यांनी सात करायला लावल्या, कारण ती दोन्ही पाने नायिकेने पहिल्यांदा काळ फिरवण्याच्या आधीची होती.